स्कूबी-डूमधला पाहुणा कोण, हे मुलीला कळलंच पाहिजे का?

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय. नाव छापू नका म्हणालाय, खाली सही 'वैतागलेला बाबा' अशी आहे. पत्र भलतंच मोठं होतं, मी कापून कापून देते:

"ताई, नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. मी लहानपणी शाळेतून आलो की दप्तर टाकून स्कूबी-डू हे कार्टून बघायचो, बऱ्याचदा हिंदीतलं. मुलीला दाखवायचं हे केव्हाचं मनात होतं. आता दर रविवारी नाश्ता झाला की आम्ही दोघं 'स्कूबी-डू अँड गेस हू' बघतो, म्हणजे बघायचो. त्यात प्रत्येक एपिसोडला कोणीतरी सेलिब्रिटी येतो. निम्मे मला माहीत नाहीत, तिला तर जवळजवळ कोणीच नाही. मग मी पॉज करतो, मोबाइलवर शोधतो, तिला सांगतो की हा कॉमेडियन आहे, ही गायिका आहे, तोवर तिला कंटाळा आलेला असतो. रहस्य राहतं बाजूला आणि पाहुण्याचंच कौतुक चालू. मला तर सगळी जाहिरातबाजी वाटते. एकदा चिडून म्हटलं की हे बकवास आहे, माझ्या वेळचं स्कूबी ते खरं स्कूबी, त्यात बॅटमॅन यायचा, जाड्या-रड्या यायचे, आपण तेच बघू. तर ती रडली, आणि आता माझ्याबरोबर बघतच नाही, आजीबरोबर बघते, दार लावून. बायको म्हणते तुला स्कूबी नकोय, तुझं लहानपण हवंय. माझा मेव्हणा न्यू जर्सीत असतो, त्याचा मुलगा हेच एपिसोड बघून लोळून लोळून हसतो, त्याला सगळे गेस्ट माहीत असतात. मी त्याच्याकडून यादी मागवून मुलीला कोण कोण आहे ते आधीच समजावून ठेवू का? की सरळ जुनंच लावू? माझं नक्की चुकतंय काय?"

अरे बाबा, ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

सगळ्यात आधी एक सांगते, तुझ्या पत्रातच तू स्वतःला पकडून दिलंयस. बॅटमॅन यायचा, जाड्या-रड्या यायचे, असं लिहितोस. मग ते कोण होते रे? पाहुणेच होते की! तू ज्याला खरं स्कूबी म्हणतोयस, म्हणजे निदान त्यातले हे एपिसोड तरी, ते मुळात सेलिब्रिटी गेस्टवालंच स्कूबी आहे. १९६९ च्या सप्टेंबरात अमेरिकेत सीबीएसवर पहिली मालिका आली, अर्ध्या तासाचे एपिसोड, चार पोरं, एक कुत्रा, एक व्हॅन आणि शेवटी मुखवट्याखालून निघणारा कोणीतरी लबाड माणूस. ती चालली. मग १९७२ ला त्याच चॅनलवर 'द न्यू स्कूबी-डू मूव्हीज' आली, एपिसोड तासाभराचा झाला आणि दर वेळी एक पाहुणा, असं पुढच्या वर्षापर्यंत चाललं, सगळे मिळून २४ एपिसोड. बॅटमॅन आणि रॉबिन त्यातले, जाड्या-रड्या त्यातले. २०१९ ला आलेलं 'गेस हू' म्हणजे त्याच जुन्या कल्पनेला परत दिलेली फोडणी आहे, कोणी नवीन खूळ काढलेलं नाहीये.

आता तुझ्या त्या जुन्या चोवीस एपिसोडमध्ये आणखी कोण कोण होतं ते आठव बघू. तो सतत थरथरणारा, डोळे वटारणारा, घाबरट माणूस आठवतो? तो डॉन नॉट्स, अमेरिकेत टीव्हीवर घाबरट डेप्युटी शेरीफचं काम करून घराघरात पोचलेला नट, त्यासाठी पाच वेळा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळालेला. स्कूबीत तो दोनदा आला आणि त्यातल्या एका एपिसोडमधलं गाव सरळ सरळ त्याच्या त्या गाजलेल्या मालिकेतल्या गावावर बेतलेलं होतं, म्हणजे १९७२ चे अमेरिकन आईबाप ते बघून मनातल्या मनात हसले असतील. तुला हे काही माहीत होतं? तुझ्यासाठी तो 'तो घाबरट काका' होता, बस. विस्कटलेल्या केसांची, ख्यॅ ख्यॅ हसणारी बाई आठवते? ती फिलिस डिलर, खरोखरची स्टँडअप कॉमेडियन, खरोखर तशीच हसायची. तुला वाटलं असणार की चित्र काढणाऱ्यांनी बनवलेलं पात्र आहे. जोनाथन विंटर्स, सँडी डंकन, टिम कॉनवे, जेरी रीड, यातला एक तरी तुला ओळखू आला होता का? हार्लेम ग्लोबट्रॉटर्स तर तीनदा आले, बास्केटबॉल खेळता खेळता धमाल करणारी खरी टीम ती, आणि तू त्यांना कार्टूनमधले उंच उंच दादा समजून मजेत बघितलंस. तुझं काही अडलं? तुझ्या शेजारी मोबाइल घेऊन कोणी बसलेलं नव्हतं, पॉजचं बटण नव्हतं, तुझे बाबा ऑफिसमधून यायचे होते. एवढाच फरक आहे बघ तुझ्या आणि तुझ्या मुलीच्या रविवारात.

आणि तू तर हिंदीतलं बघायचास. त्या पाहुण्यांची निम्मी किंमत त्यांच्या आवाजात होती, कारण यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचा आवाज स्वतः दिला होता. हिंदी डबमध्ये तो आवाजच गेला. म्हणजे तुला चेहरा माहीत नाही, नाव माहीत नाही, आवाजही मूळ माणसाचा नाही, तरी तुला तीस वर्षांनी तो एपिसोड 'खरा' वाटतोय! मग तुझ्या मुलीला न ओळखता मजा येते यात नवल काय?

बाकी मूळ इंग्रजीतही आवाजांच्या बाबतीत गंमतच होती. जाड्या-रड्यांचंच घे. ऑलिव्हर हार्डी १९५७ ला गेला, स्टॅन लॉरेल १९६५ ला, आणि हे दोघं स्कूबीत आले १९७२ ला. आवाज दुसऱ्यांनीच काढले होते, जाड्याचा जिम मॅकजॉर्जने आणि रड्याचा लॅरी हार्मनने. ग्लोबट्रॉटर्सचे आवाजही त्या खेळाडूंचे नव्हतेच. रॉबिन बोलायचा तो केसी केसमच्या आवाजात, आणि केसी केसम म्हणजे कोण, तर त्या चार पोरांतल्या आपल्या शॅगीचा आवाज! एकच माणूस एकाच सीनमध्ये स्वतःशीच गप्पा मारतोय. हे तुला आत्ता कळलं तर मजा वाटेल, पण दहा वर्षांचा असताना कोणी पॉज करून सांगितलं असतं तर तू त्याला उशी फेकून मारली असतीस.

आता तुझ्या मेव्हण्याच्या पोराबद्दल. त्याला सगळे गेस्ट माहीत असतात हे तुला कोणी सांगितलं, त्याने की त्याच्या बापाने? कारण ती 'गेस हू'ची पाहुण्यांची यादी बघ जरा. स्टीव्ह अर्कल घे. हे एका अमेरिकन कौटुंबिक मालिकेतलं चष्मेवालं बावळट पात्र, ती मालिका १९८९ ला सुरू झाली आणि १९९८ ला संपली. आजच्या न्यू जर्सीतल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला तो कुठून माहीत असणार? मार्क हॅमिल, म्हणजे स्टार वॉर्सचा ल्यूक, तो १९७७ चा हीरो. हूपी गोल्डबर्ग, जॉर्ज टाकेई, वीर्ड अल यँकोविक, गायिका शेर... ही सगळी आईबापांची माणसं आहेत, काही तर आजी-आजोबांची. शेरचं तर फारच भारी आहे, १९७२ च्या सीझनमध्ये ती तेव्हाचा नवरा सॉनी याच्याबरोबर आली होती आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी 'गेस हू'मध्ये परत आली, एकटी. अमेरिकेत एखाद्या घरात आजीने तिला लहानपणी स्कूबीत बघितलं असेल आणि नातीने आता. पण नातीला ती शेर म्हणून कळली असेल असं मला नाही वाटत, नातीसाठी ती झगमगीत कपड्यांतली एक भारी बाई.

तिकडेही प्रेक्षकांची यावरून भांडणं होतात बरं का, तू एकटा नाहीयेस. एक गट म्हणतो की हे बनवलंय कोणासाठी, पोरं ओळखत नाहीत आणि मोठे कार्टून बघत नाहीत. दुसरा गट म्हणजे चाळिशीतले आईबाप, पोराच्या नावाखाली स्वतःच बघतात आणि ओळखीचा आवाज आला की सोफ्यावर उडी मारतात. तिसरे कट्टर, ज्यांना फक्त मूळ १९६९ चं चालतं, त्यानंतर जे काही आलं ते सगळं पाप, त्यातही १९७९ ला आणलेला स्कूबीचा पुतण्या स्क्रॅपी म्हणजे महापाप. आणि चौथी म्हणजे पोरं, ज्यांना यातलं काही कोणी विचारत नाही, ती खाली गालिच्यावर पालथी पडून पाय हलवत बघत असतात. तुझ्या घरात दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं मिश्रण बाप म्हणून बसलंय आणि चौथ्या गटाची मुलगी आहे. ती दार लावून बसली यात मला काही विशेष दिसत नाही.

जाहिरातबाजीचं म्हणतोस ते मला कळतं, आपल्याला सवयच तशी लागलीय. सीआयडीत मध्येच हीरो यायचा तो पुढच्या शुक्रवारी त्याचा सिनेमा लागणार असायचा म्हणून. 'चला हवा येऊ द्या'मध्ये अख्खी टीम यायची, नाचायची, तारीख सांगून जायची. त्यामुळे पाहुणा दिसला की हा काय विकायला आलाय असं आपल्या डोक्यात येतं. पण पुढच्या शुक्रवारची तिकिटं विकायला इथे कोण येणार, कार्टूनचा एक एपिसोड लिहून, आवाज रेकॉर्ड करून, चित्रं काढून पडद्यावर यायला महिनोन् महिने जातात, तोवर तो सिनेमा येऊन गेलेला असायचा. आणि 'गेस हू'मध्ये शेरलॉक होम्स पाहुणा म्हणून येतो, एका एपिसोडमध्ये चक्क अब्राहम लिंकनचं भूत येतं. आता लिंकन कशाची जाहिरात करणार?

तरी पण तुझ्या तक्रारीत एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि ती तू एका ओळीत उरकलीयस, की रहस्य बाजूला राहतं. राहतंच. का राहतं ते सांगते, कारण ते कळलं की कुठला एपिसोड लावायचा आणि कुठला सोडायचा हे तुझं तुलाच कळेल.

स्कूबीचं रहस्य आधीच चिमूटभर असतं. बावीस-तेवीस मिनिटांत भूत दिसणार, पोरं पळणार, दोन-तीन संशयित येणार, एखादी वस्तू सापडणार, सापळा लागणार, सापळ्यात भलताच कोणी अडकणार, आणि मग मुखवटा. संशयित जास्तीत जास्त तीन-चार, नाहीतर चेहरे लक्षात राहत नाहीत. आता यात सेलिब्रिटी आणून बसवला की तो एका संशयिताची जागा खातो. आणि तो गुन्हेगार निघण्याची शक्यता किती? ज्याला आदराने बोलावलंय त्याला शेवटी पोलिसांच्या गाडीत कोण बसवणार! म्हणजे तुझ्या मुलीसाठी कोड्यातला एक पर्याय सुरुवातीलाच बाद. शिवाय पाहुण्याच्या तोंडी दोन विनोद द्यायचे, त्याचं थोडं कौतुक करायचं, त्यात तीन-चार मिनिटं गेली. १९७२ वाल्यांकडे निदान चाळीसेक मिनिटं होती, पण त्यांनी उलटा घोळ घातला. ती चाळीस मिनिटं भरायची कशी म्हणून दरवाजातून आत-बाहेर, आत-बाहेर पळापळ, मागून खोटा हशा लावलेला, आणि पाहुण्याचा विनोद संपता संपत नाही. तू आता परत बघ एखादा, खरंच बघ, आठवणीत आहे त्यापेक्षा बराच लांबतो. तिकडचे जुने चाहतेही हीच कुरकुर करतात, प्रेमाने करतात पण करतात.

मग चांगला पाहुणा कुठला? ज्याच्या धंद्याचा गोष्टीत उपयोग होतो तो. पेन आणि टेलर हे जादूगार आहेत, आणि स्कूबीतली भुतं म्हणजे तरी काय, दोऱ्या, आरसे, धूर, प्रोजेक्टर, हातचलाखीच की सगळी. तिथे जादूगार आला की तो गोष्टीत बसतो, त्याला ओढून आणावं लागत नाही. बिल नाय हा मुलांना विज्ञान शिकवणारा टीव्हीवरचा माणूस, नील डिग्रास टायसन खगोलशास्त्रज्ञ, ज्या कार्टूनचा गाभाच मुळात 'भूत नसतं, नीट बघा' असा आहे तिथे हे दोघं घरचेच. चार पोरांतल्या हुशार व्हेल्मासमोर होम्स उभा केला की मजा कुठे आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. बॅटमॅन तर काय, स्वतःच गुप्तहेर, शिवाय नव्या मालिकेत त्याला आवाज आहे केव्हिन कॉनरॉयचा, ज्याने १९९२ पासून कार्टूनमधला बॅटमॅन गाजवला आणि जो २०२२ ला गेला, तेवढा एक एपिसोड तू तुझ्यासाठी म्हणून बघ, रात्री, एकट्याने, हवे तितके वेळा पॉज कर. याउलट एखादी मॉडेल किंवा गायिका नुसती बरोबर फिरतेय, किंचाळतेय आणि शेवटी थँक यू म्हणतेय, असा एपिसोड पातळ लागणारच, तो तुला लागला, तुझ्या मुलीलाही लागला असेल. तिला फक्त तुझ्यासारखं भाषण देता येत नाही.

बायको म्हणते तुला तुझं लहानपण हवंय. बाई अर्धी बरोबर आहे. लहानपण हवंय त्यात काही गुन्हा नाही, सगळ्यांनाच हवं असतं, नाहीतर ही मालिका परत निघालीच नसती. पण तू मुलीबरोबर बसून तुझं लहानपण बघत होतास आणि ते पडद्यावर दिसेना म्हणून तिच्यावर उखडलास. आणि बकवास हा शब्द! तो तू कार्टूनला वापरलास असं तुला वाटतंय. नऊ वर्षांच्या मुलीला तो तिच्या आवडीला लागला. तिच्या दृष्टीने तू दर रविवारी तिच्या आवडत्या गोष्टीत दर पाच मिनिटाला खोडा घालायचास आणि शेवटी म्हणालास की ही गोष्टच फालतू आहे. आजी काय करते माहितीय का? काही करत नाही. बसते. पाहुणा कोण हे आजीलाही माहीत नाही आणि तिला त्याचं काही पडलेलं नाही, ती बहुतेक विचारते की हा कुत्रा एवढा खातो तर याचं पोट कसं बिघडत नाही. आणि नातीला नेमकं हेच हवं असतं.

तर आता काय करायचं.

त्या यादीचं आधी सांगते, अजिबात मागवू नकोस. कार्टून बघायच्या आधी अमेरिकन सेलिब्रिटींचा अभ्यास? चौथीतल्या पोरीच्या मागे तेवढंच राहिलंय का आता! आणि जाऊन औपचारिक माफी वगैरेही मागू नकोस, मुलांना तो प्रकार अवघड जातो, ती नुसती खाली बघत 'ओके' म्हणेल आणि प्रश्न तिथेच राहील. रविवारी आजीच्या खोलीत जा, विचार मी बसू का, आणि हो म्हणाली तर खाली बस, रिमोट तिच्या हातात. मोबाइल बाहेर चार्जिंगला. पाहुणा आला, तू ओळखलास, तुला भरून आलं, तरी गप्प. तिने विचारलं हा कोण, तर एका वाक्यात सांग, 'हा तिकडचा जादूगार आहे', संपलं. नाही विचारलं तर नाही सांगायचं. तिने आपल्या मनाने त्याला काहीतरी ठरवलेलं असेल, म्हणजे हा व्हेल्माचा मामा किंवा हा त्या हॉटेलचा मालक, तर ठरवू दे, तुझ्या घाबरट काकाचं तू काय केलं होतंस?

बोलायचंच असेल तर रहस्यावर बोल. मुखवटा निघायच्या आधी, सापळा लागत असताना, तिघांनी आपापला चोर सांगून टाकायचा, आजीनेसुद्धा. आणि इथे तुझ्या त्या पाहुण्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग होईल, तिला एकदा विचार की या सगळ्यांत चोर नक्की कोण नसणार? बघ किती एपिसोडनंतर तिच्या लक्षात येतं की जो पाहुणा आहे तो कधी पकडला जात नाही. ते तिने स्वतः शोधलं ना की तिला जो काही आनंद होईल, तू सांगितलेल्या शंभर नावांनी होणार नाही. तू सांगू नकोस मात्र! तुझ्या पोटात राहणार नाही हे मला पत्र वाचूनच दिसतंय, तरी ठेव.

जुनं दाखवायचं का? दाखव की, पण 'हे खरं, ते खोटं' असं करून नाही. आळीपाळीने ठेवा, दोन रविवार तिची निवड, एक रविवार तुझी. आणि तुझ्या पहिल्या पाळीला जाड्या-रड्यांचा लाव, कारण या घरात त्यांना सगळ्यात जास्त कोण ओळखतं? आजी! तुला ते दोघं ओळखू आले ते लॉरेल आणि हार्डी म्हणून थोडीच, आपल्याकडे त्यांना सगळे जाड्या-रड्याच म्हणायचे आणि ते नाव तू घरातच ऐकलं असणार. तो एपिसोड चालू असताना आजी आपण होऊन काहीतरी बोलेल, यांचे सिनेमे कुठे बघितले, कोणाबरोबर बघितले, रड्या कसा डोकं खाजवायचा, आणि ती बोलली तर नातही ऐकेल, कारण आजी ते वाचून दाखवत नसेल. तू मात्र त्या वेळी मध्ये पडून हार्डी कुठल्या साली गेला ते सांगू नकोस, तुला मी वर सांगितलंय ते तुझ्यापुरतं.

बॅटमॅनचा जुनाही चालेल, दोन आहेत, पोरांना आवडतात. मामा कॅस इलियटचा एपिसोड आधी स्वतः बघून घे आणि मग ठरव. ती गोड गळ्याची गायिका, अंगाने जाड, आणि तिला नेमकं नेऊन बसवलंय चॉकलेट-गोळ्यांच्या फॅक्टरीत. १९७३ ला कोणाला त्यात काही वावगं वाटलं नसेल, आज तुझ्या मुलीच्या वर्गात कोणाला जाडी म्हणून चिडवत असतील तर ती तुला प्रश्न विचारेल, आणि तो प्रश्न पाहुणा कोण यापेक्षा बराच अवघड असेल. जुनं ते सगळंच सोनं नाही, हे तुलाही परत बघताना लागेल.

आणि हो, अ‍ॅडम्स फॅमिली या जुन्या अमेरिकन मालिकेतलं कुटुंब पाहुणं येतं तो एपिसोड शोधत बसू नकोस, मिळेल न मिळेल. तो तर भारी होता, मूळ मालिकेतल्या नटांपैकी चौघांनी आवाज दिलेले आणि त्यातल्या पग्जली या मुलाला आवाज चक्क लहानग्या जोडी फॉस्टरचा, पुढे मोठी नटी झाली तीच, पण पाहुणा दुसऱ्याच्या घरचा असला की हक्कांची भानगड येते. २०१९ ला या जुन्या मालिकेचा संच निघाला त्याच्या नावातच 'जवळजवळ पूर्ण' असं लिहावं लागलं, चोवीसपैकी तेवीस एपिसोड, नेमका हाच गायब. तुझ्यासारखे तिकडचे बाबालोक त्यावरून अजून हळहळतात.

मेव्हण्याला फोन करायचाच असेल तर यादी मागू नकोस, दोन्ही पोरांना एकदा व्हिडिओ कॉलवर एकच एपिसोड एकत्र बघू दे. तिकडे रविवार सकाळ असली की इकडे संध्याकाळ, जमतं ते. मामेभावाला अर्कल खरंच माहीत आहे का तेही कळेल, आणि तू आणि मेव्हणा दुसऱ्या खोलीत बसून हवं तेवढं ओळखा कोणाचा आवाज आहे ते. तेव्हा चौघांतल्या फ्रेडचा आवाज नीट ऐक, इंग्रजीत हं, तो १९६९ ला पण फ्रँक वेल्करचाच होता आणि 'गेस हू'मध्येही त्याचाच आहे, वर स्कूबीचा आवाजही आता तोच काढतो. मेव्हण्याशी पैज लाव यावर, तो हरेल.